पाच हजार रुपयांत पुस्तकाचा प्रचार: मुंबईतल्या नव्या लेखकांसाठी

कुणी विचारलं, "तुमचं पुस्तक मिळेल कुठे?" तर उत्तर एका वाक्यात देता यायला हवं. "दादरला एका दुकानात ठेवलंय, पण आधी फोन करून जा, नाहीतर मला सांगा, मी बघतो" असं ऐकलं की समोरचा मान डोलावतो आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही जातो. नव्या लेखकाचे बरेचसे पैसे इथेच वाया जातात. फ्लेक्स लागतो, प्रकाशन होतं, फेसबुकवर अभिनंदनाचा पाऊस पडतो, पण पुस्तक विकत घ्यायची वाटच तयार नसते. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी विक्रीची सोय, मग वाचकांची यादी, मग बाकीचं सगळं, आणि समारंभ शेवटी.

हिशेबासाठी एक पुस्तक धरून चालू: गिरणगावातल्या खाणावळींवरचं, डेमी आकाराचं (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), १६० पानी, किंमत २५० रुपये, ३०० प्रती, एका प्रतीचा छपाईखर्च ९० रुपये. पाच हजार रुपये फक्त प्रचाराचे, प्रतींची किंमत त्यात धरलेली नाही.

आधी आकडेमोड

दुकानदार साधारण ४० टक्के कापतो. म्हणजे २५० च्या प्रतीचे हातात येणार १५०, छपाई वजा जाता उरले ६०, तेही प्रत विकली गेल्यावर, तुम्ही मागायला गेल्यावर. थेट वाचकाला २०० रुपयांत घरपोच दिलं तर पॅकिंगचे १० आणि टपालाचे २५ जाऊन, छपाई वजा करून ७५ उरतात, आणि पैसे आधी मिळतात. वाचकालाही पन्नास रुपये सवलत मिळते. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे त्याचा घोळ यात नाही.

तरी दुकान सोडू नका. दुकानामुळे पुस्तकाला पत्ता मिळतो. फक्त दोनच दुकानं निवडा: एक दादरचं, एक तुमच्या उपनगरातलं. प्रत्येकी पाच प्रती द्या. चलन, म्हणजे प्रती दिल्याची पावती, दोन प्रतींत करा, त्यावर तारीख, प्रतींची संख्या, किंमत, टक्केवारी आणि घेणाऱ्याची सही हवीच. दहा दुकानांत पाच-पाच प्रती ठेवल्या की त्या पन्नास प्रतींचा हिशेब मागायला बोरिवली ते गिरगाव फिरण्यात सुट्ट्या संपतात, आणि चलन नसेल तर मागायचं तरी कशाच्या आधारावर?

टपालाचं गणित नीट समजून घ्या, कारण नफा त्यावरच टिकतो. ७० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ७० ग्रॅम) कागदावर छापलेलं १६० पानी डेमी पुस्तक कव्हरसकट दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर भरतं. पाकीट धरून सव्वादोनशे. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं आहे. त्यात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर लागतो आणि पार्सल ट्रॅकही करता येतं. ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे. पुस्तकावर प्रकाशक किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं असावं लागतं आणि आत जाहिरातीचे कागद चालत नाहीत. पहिल्यांदा जाताना पाकीट चिकटवू नका, खिडकीवर पुस्तक दाखवून विचारा आणि मग बंद करा. माल विमानाने जात नाही, त्यामुळे वेळ लागतो. वाचकाला "आठवडाभर धरा" असं आधीच सांगून ठेवलं की चौथ्या दिवशी "अजून आलं नाही" हा फोन येत नाही.

पाकिटं आणि पुठ्ठा किरकोळ दुकानातून घेऊ नका. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर स्टेशनरीचा घाऊक बाजार आहे, तिथे शंभराच्या गठ्ठ्यात घ्या. पुस्तक आधी पातळ प्लास्टिकमध्ये, मग पुठ्ठ्याचा एक तुकडा, मग पाकीट. पुठ्ठा नसला तर कोपरे दुमडतात, आणि दुमडलेली प्रत बदलून देण्यात दोन प्रतींचा नफा जातो.

फोनवरचं दुकान

व्हॉट्सॲप बिझनेस मोफत आहे. जुन्या नंबरावर करण्यापेक्षा दुसरं सिम असेल तर त्यावर करा. कॅटलॉगमध्ये पुस्तक चढवा: मुखपृष्ठ, मलपृष्ठ, आतल्या एका चांगल्या पानाचा फोटो, किंमत, घरपोच किंमत. 'क्विक रिप्लाय'मध्ये तीन उत्तरं तयार ठेवा: पैसे कसे पाठवायचे, पत्ता कसा लिहायचा (पिनकोडसह), आणि पाठवल्यावर ट्रॅकिंग क्रमांक. लेबलं तीनच पुरतात: 'पैसे आले', 'पाठवलं', 'पोचलं'.

आता क्यूआर कोड. बुकमार्कवर, पत्रकावर, टेबलावर तोच जाणार, म्हणून एकदाच नीट करा. स्कॅन केल्यावर तुमची चॅट थेट उघडेल अशी लिंक त्यात घाला. इथे एक नेहमीची चूक होते. चॅटमध्ये आपोआप उमटणारा मजकूर लोक हौसेने मराठीत लिहितात. देवनागरीचं एकेक चिन्ह लिंकमध्ये नऊ चिन्हांचं होतं. 'पुस्तक' हा एवढासा शब्द ५४ चिन्हं खातो. कोड इतका बारीक विणीचा होतो की छोट्या आकारात जुन्या फोनला वाचताच येत नाही. म्हणून तो मजकूर रोमन लिपीत एका शब्दाचा ठेवा किंवा ठेवूच नका. कोड किमान दोन सेंटीमीटरचा, पांढऱ्यावर काळा, चारी बाजूंना मोकळी पांढरी जागा. आणि कोड साधा, कायमचा घ्या. काही संकेतस्थळं फुकटात 'बदलता येणारा' कोड देतात, मुदत संपली की तो बंद पडतो आणि तुमचे छापलेले सगळे बुकमार्क रद्दीत जातात.

दोनशे नावांची वही

सगळे मराठी वाचक तुमचे वाचक नाहीत. वहीत नावं लिहायला बसा, तीन गटांत. पहिला गट: तुम्हाला ओळखणारे. दुसरा: विषय ज्यांच्या आयुष्यातला आहे ते. तिसरा: ज्यांच्या शब्दावर इतर लोक पुस्तक घेतात ते, म्हणजे ग्रंथपाल, शिक्षक, ज्येष्ठ नागरिक संघाचे कार्यवाह, वाचनकट्टा चालवणारे.

दुसऱ्या गटावर सगळ्यात जास्त वेळ द्या. खाणावळींवरच्या पुस्तकाचे वाचक आज लालबाग-परळला कमी आणि डोंबिवली, बदलापूर, विरारला जास्त सापडतील, कारण १९८२ च्या संपानंतर कितीतरी कुटुंबांनी गिरणगाव सोडलं. जुन्या चाळींचे, शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचे, गावकरी मंडळांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. तुमच्या पुस्तकाचा असा विखुरलेला गाव कुठला, हे शोधणं हाच प्रचाराचा अर्धा भाग आहे. कवितासंग्रह असेल तर हे अवघड जातं, खरं आहे. तिथे तिसरा गट कामी येतो.

संदेश एकेकाला पाठवा. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यांनाच तो पोचतो. एकदम शंभर अनोळखी लोकांना तोच मजकूर पाठवला आणि काहींनी तक्रार केली तर नंबर बंदही होऊ शकतो. रोज पंधरा-वीस, दोन आठवडे. मजकूर असा:

"नमस्कार काकू. गिरणगावातल्या खाणावळींवरचं माझं पुस्तक आलं आहे. तुमच्या करी रोडच्या चाळीसमोर जी खाणावळ होती, तिच्यावर त्यात एक प्रकरण आहे. १६० पानं, किंमत २५०, तुम्हाला घरपोच २०० ला. हवं असेल तर नुसतं 'हो' लिहा, पत्ता मी विचारून घेते."

यात 'तुमच्या करी रोडच्या' हे शब्द काम करतात. प्रत्येक संदेशात असं एक वाक्य बदललं पाहिजे. ग्रुपवर टाकताना आधी ॲडमिनला विचारा, आणि जाहिरातीऐवजी पुस्तकातला एखादा परिच्छेद टाका, खाली एका ओळीत कुठे मिळेल ते.

तुमच्या आवाजातलं वाचनही चालतं. दीडशे शब्दांचा उतारा सावकाश वाचला की सव्वा ते दीड मिनिट होतं, याहून लांब नको. मुंबईत शांतता मिळणं हीच अडचण, म्हणून पहाटे पाच-साडेपाचला, पंखा बंद करून, कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड करून वाचा. कपडे आवाज शोषून घेतात आणि खोलीचा घुमारा जातो. फोन तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला, म्हणजे 'प', 'फ' फुटत नाहीत.

बुकमार्क: पाचशे रुपयांत १८०

प्रचाराच्या सगळ्या छापील वस्तूंत बुकमार्क आमच्या मते पहिला. पत्रक लोक फेकतात, बुकमार्क पुस्तकात राहतो. डिजिटल छपाईचा कागद १२ बाय १८ इंचाचा असतो. बुकमार्क २ बाय ६ इंच ठेवला तर कागदावर १८ बसतात असं वाटतं, पण मशिन कडेपर्यंत छापत नाही आणि कडेचे कापले जातात. म्हणून १.९ बाय ५.८ इंच ठेवा: आडवे सहा, उभे तीन, एकाला एक लागून. दहा कागदांत १८०. ३०० जीएसएमच्या कार्डावर एका बाजूच्या रंगीत छपाईला कागदामागे ३०-४० रुपये आणि कटिंगचे शंभरेक धरा.

लागून ठेवलेल्या बुकमार्कांना दोघांत एकच काप बसतो, आणि तो अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे सरकतोच. म्हणून कडेला चौकट काढू नका, एका बाजूला जाड आणि दुसरीकडे बारीक दिसते. पार्श्वभूमी सगळ्या बुकमार्कांना एकाच रंगाची ठेवा, पांढरी सर्वांत उत्तम. पुस्तकाचं नाव अगदी वर, कारण पुस्तकातून तेवढाच भाग बाहेर डोकावतो. मध्ये पुस्तकातलं एकच वाक्य, खाली अडीच सेंटीमीटरचा क्यूआर. कार्ड मॅट घ्या, चकचकीत कार्डावर पेनाची शाई पसरते आणि सही करता येत नाही.

हातोहात विकलेल्या प्रत्येक प्रतीत दोन बुकमार्क घाला, एक वाचकाला आणि एक त्याने कुणाला द्यायला. उरलेले बुकमार्क दोन्ही दुकानांच्या आणि वाचनालयांच्या काउंटरवर, विचारून, पंचवीस-पंचवीसचा गठ्ठा. ज्ञान पोस्टच्या पाकिटात मात्र घालू नका.

अक्षरांचं एक सांगायलाच हवं. डीटीपीवाल्याकडचं पुस्तक बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये असतं. तो मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर टाकला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते, आणि त्या पीडीएफमधलं काहीही गूगलला सापडत नाही. पुस्तक छपाईला जातानाच त्याच्याकडून युनिकोडमधला, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणारा, मजकूरही मागून घ्या. मग एकदा डोळ्यांखालून घाला: रूपांतर होताना रफार चुकीच्या अक्षरावर जातो, 'ऱ्या' तुटतो. बुकमार्कसाठी मुक्ता किंवा बालू वापरा. मुंबईच्याच 'एक टाईप'ने केलेले हे फाँट मोफत आहेत. आणि फाइल देण्याआधी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे त्यांची चित्रं करून टाका, नाहीतर छापणाऱ्याच्या संगणकावर तो फाँट नसला की जोडाक्षरं फुटतात.

वाचनालयं आणि सरकारी तारखा

वाचनालयात गेलेली एक प्रत तीस-चाळीस जण वाचतात, त्यांतले काही विकत घेतात, बरेचसे दुसऱ्याला सांगतात. १८९८ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या शाखा शहरभर आहेत. दादर सार्वजनिक वाचनालय आहे, पार्ल्याला लोकमान्य सेवा संघ आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय तर १८९३ चं. ग्रंथपालांना भेटायला दुपारी जा, संध्याकाळी सभासदांची गर्दी असते. पुस्तक दाखवा, बिलबुक बरोबर ठेवा, २५ टक्के सवलत सांगा. अनुदानातली खरेदी मार्चअखेरच्या आधी उरकायची असते, म्हणून जानेवारी-फेब्रुवारी ही योग्य वेळ. ग्रंथपाल सभासदांच्या मागणीला मान देतात. ओळखीचे सभासद असतील तर त्यांना मागणीच्या वहीत पुस्तकाचं नाव लिहायला सांगा, पण खरंच वाचायचं असेल तरच.

ग्रंथालय संचालनालय दरवर्षी शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं, त्यासाठी फोर्टच्या नगर भवनातल्या (टाऊन हॉलमधल्या) कार्यालयात एक प्रत विनामूल्य द्यावी लागते. त्या वर्षी प्रकाशित झालेल्या पुस्तकांसाठी आवाहन निघतं, त्यावर लक्ष ठेवा. यादीत नाव आलं की राज्यभरातल्या वाचनालयांना ते दिसतं. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारासाठी पहिल्या आवृत्तीची पुस्तकं साधारण डिसेंबर-जानेवारीत मागवतात. त्यात पहिल्या पुस्तकांसाठी वेगळे पुरस्कार आहेत. मुंबईकरांना अर्ज साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या प्रभादेवीच्या कार्यालयात देता येतो.

स्वतःच प्रकाशक असाल तर चार प्रती आधीच बाजूला काढा. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याची नॅशनल लायब्ररी, चेन्नईचं कन्नेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईत टाऊन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय यांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने द्यायची असते.

बक्षीस म्हणून पुस्तक

हा मार्ग फार थोडे लेखक वापरतात आणि एका फेरीत वीस-पंचवीस प्रती जातात. गणेशोत्सव मंडळं, नवरात्र मंडळं, सोसायट्या, महिला मंडळं वर्षभर स्पर्धा घेतात: चित्रकला, पाककृती, वक्तृत्व, रांगोळी. बक्षिसाला स्टीलचे डबे नाहीतर प्लास्टिकच्या बाटल्या येतात, आणि एका बक्षिसाचं बजेट दीडशे-दोनशे रुपये असतंच. २५० चं पुस्तक १५० ला, लेखकाच्या सहीसह, विजेत्याचं नाव घालून मिळत असेल तर कार्यकर्त्यांचीही धावपळ वाचते. गणेशोत्सवासाठी मंडळाच्या कार्यवाहांना जुलैच्या आत भेटा. त्यानंतर खरेदी ठरलेली असते. पैसे प्रती देतानाच घ्या, उत्सव संपल्यावर मंडळाचा खजिनदार भेटणं कठीण.

दिवाळी अंकात पुस्तकातलं प्रकरण छापून आणायचं असेल तर मजकूर जून-जुलैत पाठवा. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन या तीन दिवसांना शाळा-कॉलेजं आणि ऑफिसं वक्ता शोधत असतात. महिनाभर आधी पत्र द्या, मानधन मागण्याऐवजी प्रवेशद्वाराशी टेबल मागा.

परीक्षणासाठी वर्तमानपत्रांना दोन-दोन प्रती लागतात. रविवारच्या पुरवणीच्या संपादकांच्या नावे, पहिल्या पानावर 'परीक्षणार्थ' लिहून, सोबत अर्ध्या पानाचा परिचय. पंधरापेक्षा जास्त प्रती यात घालवू नका. फोन करून पाठपुरावा एकदाच.

समारंभ, छोटाच

शाल, श्रीफळ, तीन पाहुणे आणि मोठं सभागृह यांत सगळे पाच हजार जातात. वाचनालयाची किंवा सोसायटीची चाळीस खुर्च्यांची खोली दीड-दोन हजारांत मिळते, चहा आणि बिस्किटांना आठशे. रविवारी दुपारी ठेवू नका. मध्य आणि हार्बरचा मेगाब्लॉक, पश्चिमेचा जम्बोब्लॉक असला की डोंबिवलीचा वाचक निघतच नाही. शनिवारी साडेपाच उत्तम, स्टेशनपासून दहा मिनिटांच्या आत. एकूण वेळ ७५ मिनिटं: एक वक्ता वीस मिनिटं, तुमचं वाचन वीस मिनिटं, प्रश्न पंधरा, बाकी सहीला.

टेबल मंचाशेजारी नको, बाहेर पडायच्या दाराशी हवं. चहाही टेबलाच्या पलीकडे, म्हणजे चहाकडे जाताना प्रत्येकजण पुस्तकाजवळून जातो. विक्रीला दोन माणसं लागतात: एक पैशांना, एक प्रती काढून पहिलं पान उघडून तुमच्यापुढे ठेवायला. तुम्ही स्वतः पैसे घेऊ नका, रांग थांबते. समारंभात पुस्तकाची किंमत २०० ठेवा, १९९ किंवा २१० नको, सुट्ट्यांचा प्रश्न येतो. तरी पन्नासच्या दहा आणि शंभरच्या दहा नोटा डब्यात ठेवा. यूपीआयचा कोड ए-फोर कागदावर मोठा छापून लॅमिनेट करा, आणि तळमजल्याच्या किंवा आतल्या खोलीत नेटवर्क येतं का हे आदल्या दिवशी जाऊन बघा. येत नसेल तर वाय-फायचा पासवर्ड मागून घ्या. शेजारी चिठ्ठ्यांचं पॅड: सहीसाठी नाव कसं लिहायचं ते वाचकाने स्वतः लिहून द्यायचं. 'शरयू' की 'सरयू', हे सही झाल्यावर कळलं तर प्रत फुकट जाते. त्याच चिठ्ठीवर फोन नंबर मागा, 'पुढच्या पुस्तकाचं कळवू का?' असं विचारून.

स्टेशनच्या भिंती, लोकलचे डबे, रस्त्यावरचे खांब यांवर काही चिकटवू नका. विनापरवाना पोस्टरला १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्याने दंड होतो, आणि नाव, नंबर तुमचाच छापलेला असतो. सोसायटीच्या फलकावर सेक्रेटरींना विचारून लावलेला एक ए-फोर कागद जास्त उपयोगी पडतो.

प्रत्येक विक्रीपुढे वहीत एक शब्द लिहा: 'संदेश', 'वाचनालय', 'बुकमार्क', 'मंडळ', 'दुकान'. तीन महिन्यांनी मोजा. ज्या शब्दापुढे सगळ्यात जास्त रेघा असतील तिथेच पुढचा पैसा आणि वेळ घाला, बाकीचं बंद करा.

उरलेल्या प्रती मे संपायच्या आत हलवा. बाहेरच्या भिंतीला टेकवलेला गठ्ठा जुलैत ओल धरतो आणि पानं लाटांसारखी होतात. फळीवर, जमिनीपासून चार बोटं वर, भिंतीपासून वीतभर पुढे, वीस-वीस प्रतींचे गठ्ठे प्लास्टिकमध्ये बांधून आडवे ठेवा. उभे ठेवले तर बाइंडिंग कलतं आणि ती प्रत पूर्ण किमतीला विकता येत नाही.